बादलीभर पाण्याची गोष्ट

आमच्या घरात त्यांना कुणी स्वामी कुवलयानंद म्हणत नसे. आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘गुणे मास्तर’ होतं, म्हणून आमच्याही तेच बसलं. आजोबा अमळनेरला शिकत होते तेव्हा जगन्नाथ गणेश गुणे खानदेश शिक्षण मंडळाच्या मुलांना भारतीय संस्कृती हा विषय शिकवायचे. मंडळाच्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्यही होते. पुढे ते लोणावळ्याला गेले, स्वामी झाले, जगभरातून माणसं त्यांच्याकडे यायला लागली. आजोबांच्या लेखी मात्र ते वर्गावर येणारे मास्तरच राहिले. “मास्तर म्हणण्यात काय कमी आहे?” असं ते विचारत.

गोष्टी सांगायचा खरा मक्ता मामाआजोबांचा, म्हणजे आमच्या वडिलांच्या मामांचा. ते रेल्वेत होते आणि काही वर्षं लोणावळ्याला नेमणुकीवर होते. सुट्टीत सगळी नातवंडं जमली की ते ओसरीवर बसून सांगत: स्वामी पाण्याच्या घंगाळात बसतात, हाताने नाही, तोंडाने नाही, नुसत्या पोटाने पाणी वर ओढतात, आणि बघता बघता बादलीभर पाणी नाहीसं होतं! आम्ही डोळे विस्फारून ऐकायचो. स्वयंपाकघरातून आजी डोकावून विचारायची, “हाई काय चाली राह्यनं?” आणि झोपाळ्यावरचे आजोबा शांतपणे म्हणायचे, “किती पाणी? मोजलं का कुणी?” मामाआजोबांना याचा राग येई. साधुपुरुषाचं पाणी मोजायचं असतं का?

पुढे वाचायला लागल्यावर मी घरातल्या एकेक गोष्टीचा माग काढत गेले. ही बादलीची गोष्ट मी सोडूनच दिली होती. ओसरीवरची अतिशयोक्ती म्हणून. पण सगळ्यांत भक्कम पुरावा तिचाच सापडला, आणि पाणी खरोखर मोजलं गेलं होतं. मोजणारे खुद्द गुणे मास्तरच होते.

हठयोगात बस्ति नावाची क्रिया आहे. नाभीपर्यंतच्या पाण्यात उकिडवं बसायचं, गुदद्वारात छोटी नळी ठेवायची आणि पोटाच्या हालचालीने पाणी मोठ्या आतड्यात ओढून घ्यायचं. आतडं धुऊन निघतं. साधक हे पिढ्यानपिढ्या करत आले होते. पाणी वर चढतं हे त्यांना ठाऊक होतं, का चढतं याचं उत्तर प्रत्येक गुरूचं वेगळं. गुणे मास्तरांनी हा प्रश्न बडोद्याच्या इस्पितळात नेला. साल १९२० च्या आसपासचं. एक्स-रे यंत्र तेव्हा आपल्याकडे अपूर्वाईचं होतं. एक्स-रेत उठून दिसेल असं द्रव्य पोटात देऊन, उड्डियान आणि नौली करताना आतड्यातला ऐवज कुठे सरकतो, याची चित्रं त्यांनी घेतली. मग दाबमापक जोडून आतला दाब पाहिला.

उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत-वर खेचतात. नौलीत त्याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू तेवढे दोरखंडासारखे पुढे काढतात. हे स्नायू पुढे आले की आतल्या पोकळीचं आकारमान वाढतं आणि आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरतो. बाहेरचा दाब जास्त, आतला कमी, म्हणून पाणी आत ढकललं जातं. कुठली गुप्त शक्ती लागत नाही, लागतो तो स्नायूंवरचा असा ताबा, जो वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय येत नाही. आतड्यात तयार होणाऱ्या या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं: ‘माधवदास निर्वात’. शास्त्रज्ञ आपल्या शोधाला आपल्या गुरुजनांचं नाव देतात तसं. मला त्यांच्या आयुष्यातली ही फार मोठी घटना वाटते. गुरूंचं नाव एखाद्या मंदिराच्या कमानीवर कोरता आलं असतं. त्यांनी ते एका मोजता येण्याजोग्या, कुणीही पडताळून पाहावी अशा गोष्टीला दिलं.

माधवदास महाराजांविषयीही घरात गोष्टी होत्याच. नर्मदेच्या काठी मालसर म्हणून गाव आहे, बडोद्यापासून फार लांब नाही. तिथे हे मूळचे बंगालचे वैष्णव साधू राहत. शंभरीच्या कितीतरी पुढे गेले होते, असं लोक सांगत. वयाचा आकडा काहीही असो, त्यांनी निवडलेली माणसं पाहिली की थक्क व्हायला होतं. त्यांच्या दोन शिष्यांनी आजच्या योगाचा पाया घातला. एक मणिभाई देसाई, म्हणजे श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी अमेरिका गाठली. दुसरे गुणे, जे १९१९ मध्ये त्यांच्याकडे पोचले. दोघांनीही योग गुहेतून घरात आणला. पण गुणे मास्तरांची वाट प्रयोगशाळेतून गेली.

तसे ते बडोद्याचेच. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. घरची गरिबी, शिक्षण कष्टाने झालेलं. १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्या शिष्यवृत्तीला आजोबांच्या पिढीत केवढा मान होता ते आता सांगूनही कळणार नाही. आजोबा तो उल्लेख करताना झोपाळा थांबवत. बडोद्याचे ते दिवस अरविंद घोषांच्या आणि टिळकांच्या विचारांनी भारलेले. त्यात जुम्मादादा व्यायाममंदिरातले राजरत्न माणिकराव. १९०७ ते १९१० या काळात गुणे माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. लाठी, जंबिया, कुस्ती, हाडवैद्यकी असं सगळं माणिकरावांकडे होतं, आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत द्यायचे ही धमकही होती. शरीर ही देशकार्याची भांडवली ठेव आहे, हे गुणे तिथे शिकले. अमळनेरचं ते राष्ट्रीय कॉलेज मात्र सरकारने पुढे बंद पाडलं. आजोबांच्या आठवणीत त्याचा आवाज असा नव्हताच. एके दिवशी मोठी मुलं दिसेनाशी झाली, एवढंच त्यांना आठवे. हे असं शांतपणे काहीतरी मोडून टाकणं त्यांना आयुष्यभर सलत राहिलं.

मग १९२४. ऑक्टोबर महिन्यात लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं, आणि त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकाचा पहिला अंकही निघाला. आश्रम आणि नियतकालिक एकाच वेळी! आश्रम काढणारे पुष्कळ होते. पण पहिल्या दिवसापासून आपले प्रयोग छापून जगापुढे ठेवणारा आश्रम तेव्हा दुसरा कुठला असेल? त्यात शास्त्रीय लेखांचा भाग असे, सामान्य वाचकांसाठी वेगळा भाग असे. प्रयोग कुणावर केला, कसा केला, काय आढळलं, हे सगळं उघड.

गांधीजींची गोष्ट मामाआजोबा असं सांगत की स्वामींनी हात लावला आणि महात्माजी बरे झाले. कागदपत्रांतली हकीकत निराळी आणि कितीतरी जास्त माणुसकीची आहे. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणीकडच्या दौऱ्यात गांधीजींचा रक्तदाब एकाएकी वाढला आणि त्यांना सक्तीच्या विश्रांतीसाठी बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांवर नेलं. तिथून त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालवला. कोणतं आसन करू, किती वेळ, मालिश कशी, काय त्रास झाला, हे सगळं बारकाईने. गांधीजींना स्वतःच्या देहावर प्रयोग करायची केवढी हौस, आणि पलीकडे प्रयोगाची शिस्त पाळणारा माणूस. रक्तदाबाचा रुग्ण आणि सर्वांगासन, म्हणजे डॉक्टरांना धडकी भरवणारी जोडी. कुवलयानंदांनी नुकतेच, १९२६ च्या सुमारास, सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाब किती वाढतो हे मोजून छापलं होतं. तो वाढतो, पण जोरदार व्यायामात वाढतो त्या मानाने बेताचा, असं त्यांना आढळलं होतं. म्हणजे सल्ला देणाऱ्याच्या हाती निदान काही मोजमाप होतं. हात लावून बरं करण्याच्या गोष्टीपेक्षा ही पत्रांतली धडपड मला प्रिय आहे.

माझ्या आजोबांचं आणि गुणे मास्तरांचं नातं पुन्हा जुळलं ते मैदानावर. आजोबा शाळेत व्यायामशिक्षक झाले होते. १९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष स्वामी कुवलयानंद. त्यातूनच पुढे कांदिवलीला व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था उभी राहिली. त्याच्या आधीच त्यांचं ‘यौगिक संघ व्यायाम’ हे छोटं पुस्तक आलं होतं. छोटं म्हणावं तर त्यातली कल्पना केवढी धीट! योग म्हणजे एकट्याने, एकांतात, गुरूच्या कानमंत्राने करायची गोष्ट. ती शंभर पोरांना एका मैदानात, एका हुकुमावर करायला लावायची. माणिकरावांच्या कवायतीचा सांधा माधवदासांच्या साधनेला जुळला तो असा.

आजोबांनी हा व्यायाम आपल्या शाळेत सुरू केला आणि गावात खळबळ उडाली. प्राणायामाने माणूस वेडा होतो, आसनं बैराग्यांची, संसारी माणसाने त्या वाटेला जाऊ नये, ही समजूत तेव्हा घट्ट होती. आजीच सांगायची की शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून विचारत, “तुमचे हे पोरांना गोसावी करणार का?” सूर्यनमस्काराला कुणाची हरकत नव्हती, औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते संस्थानभर रुजवले होते, त्यात घाम निघे, छाती भरे, लोकांना ते पुरुषार्थाचं वाटे. पण उन्हं उतरलेल्या मैदानात पोरं पालथी झोपून भुजंगासन करताहेत, मग अर्धशलभासन, अर्धहलासन, वक्रासन, शेवटी योगमुद्रा, आणि कुणी धापा टाकत नाही, हे दृश्य पालकांना व्यायामाचं वाटेना. आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी पालकांनाच मैदानाच्या कडेला बसवलं आणि मुलांना एकमेकांची नाडी मोजायला शिकवलं. व्यायामाआधी किती, नंतर किती, हे पोरं ओरडून सांगत. काही दिवसांनी कडेला बसलेल्यांपैकी दोघे-तिघे धोतराचा काचा मारून मागच्या रांगेत उभे राहिले, असं आजोबा सांगत. ही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकताना मात्र आम्ही मोजलं का म्हणून कधी विचारलं नाही.

आसन ताणून, झटक्याने, ईर्ष्येने करायचं नाही, हा कुवलयानंदांच्या शिकवणीतला मूळ नियम. आज योगाच्या स्पर्धा पाहते, त्यात दहा वर्षांची मुलं अंगाची घडी घालताना दिसतात, तेव्हा मला हा नियम आठवून वाईट वाटतं. त्यांनी सामान्य माणसासाठी आसनांची सोपी मालिका बेतली होती. ‘अर्ध’ हा शब्द त्यात वारंवार येतो. पूर्ण शलभासन झेपत नसेल तर अर्ध करा, हलासन होत नसेल तर पाय अर्ध्यावर थांबवा. पन्नाशीचा कारकून, बाळंतपणं झालेली बाई, दम लागणारा मुलगा, यांना आत घेणारं ते दार होतं.

त्या दारातून आमची मोठी आत्या आत गेली. लग्न होऊन ती गिरगावात चाळीत आली आणि दम्याने बेजार झाली. पावसाळा आला की रात्र रात्र उशीला टेकून बसून काढायची. मुंबईतलं कैवल्यधामचं केंद्र १९३२ मध्ये सुरू झालं होतं, आणि १९३६ पासून मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने चालत होतं. चर्नी रोड स्टेशनजवळ, समोर समुद्र. गिरगावातून पायी जाण्याच्या अंतरावर. पन्नासच्या दशकात आत्या तिथे जायला लागली. “डॉक्टरने आधी तपासलं, मग आसनाच्या सतरंजीवर बसवलं,” हे ती प्रत्येक वेळी ठासून सांगे. तिथे तिला मिठाच्या कोमट पाण्याने जलनेती शिकवली, मग पातळ रबरी नळी नाकातून घालून तोंडातून काढायची सूत्रनेती. हा प्रकार तिने चाळीच्या गॅलरीत सकाळी केला तेव्हा शेजारणी किंचाळल्याच म्हणे. मग उज्जायी, अर्धमत्स्येंद्रासन, शवासन.

बरी झाली का? आत्या नेमकं सांगायची, आणि तिचा तो नेमकेपणा मला फार आवडतो. “दमा गेला नाही. पण आधी महिन्यातून दोनदा डॉक्टरकडे धाव घ्यावी लागायची, ती पावसाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळेवर आली. आणि मुख्य म्हणजे अॅटॅक आला की घाबरणं गेलं.” कुणी तिला चमत्कार झाला म्हटलं की ती चिडे. तिला जे मिळालं ते तिने रोज पहाटे उठून मिळवलं होतं. चमत्कार म्हटलं की ते सगळं पुसलं जातं, असं तिचं म्हणणं. लोणावळ्याला १९६१ मध्ये योगोपचाराचं रुग्णालय उभं राहिलं तेव्हा तिने चाळीतल्या दोन दमेकरी बायकांना स्वतः गाडीत बसवून तिकडे पाठवलं.

या सगळ्यात एक हकीकत अशी आहे, की ती मी प्रत्येक योगवर्गात वाचून दाखवावी असं मला वाटतं. खोल श्वास घ्या, शरीराला प्राणवायू भरपूर मिळेल, हे वाक्य आपण रोज ऐकतो. तेव्हाही लोक हेच म्हणत. प्राणायामाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाला हे वाक्य किती सोयीचं! कुवलयानंदांनी श्वासातल्या वायूंची मोजमापं केली आणि त्यांना तसं आढळलं नाही. कारण समजायला अवघड नाही. निरोगी माणसाच्या फुप्फुसातून निघणारं रक्त एरवीही प्राणवायूने जवळजवळ भरलेलंच असतं, आणि प्राणायामात श्वास लांबतो तशी मिनिटातल्या श्वासांची संख्या घटते. १९३० च्या दशकात त्यांनी हे छापलं: प्राणायामाचं मोल जास्तीच्या प्राणवायूत शोधू नका, पोटा-छातीतल्या दाबाच्या बदलांत, मज्जासंस्थेवरच्या परिणामात, श्वसनाच्या स्नायूंना लागणाऱ्या वळणात शोधा. प्राणायाम त्यांनी सोडला नाही, त्यावर पुस्तक लिहिलं, जन्मभर शिकवला. पण त्याच्या नावावर खपणारं चुकीचं कारण खोडून मग शिकवला. आपल्या श्रद्धेच्या विषयाशी इतकं सचोटीने वागणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

ही सचोटी दूरवर ओळखली गेली. मूळचे केरळचे आणि येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारे कोवूर बेहानन त्यांच्याकडे राहून शिकले, आणि योगाची शास्त्रीय छाननी करणारं त्यांचं पुस्तक १९३७ मध्ये अमेरिकेत निघालं. १९५० नंतर लोणावळ्यात योगाचं महाविद्यालय सुरू झालं. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद गेले. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजींनी संस्था सांभाळली, हठप्रदीपिकेसारख्या ग्रंथांच्या हस्तलिखितांवरून काटेकोर आवृत्त्या निघाल्या, दम्यावरची, श्वासावरची मोजमापं चालू राहिली. २०२४ मध्ये कैवल्यधामला शंभर वर्षं झाली. ‘योगमीमांसा’ अजून निघतं.

ते सुरुवातीपासून इंग्रजीत निघालं. त्याचं कारण मला पटतं: जगातल्या डॉक्टरांनी वाचावं, शंका काढाव्यात, प्रयोग करून पाहावेत, हीच त्या माणसाची इच्छा होती. पण आता त्या पहिल्या काही खंडांतला प्रयोगांचा भाग मला मराठीत हवा आहे, कोष्टकं आणि आकृत्यांसकट, शाळेतल्या शिक्षकांच्या हाती पडेल असा. २१ जूनला योगदिनी मैदानं भरतात, पोरं ताडासन करतात, फोटो निघतात, आणि हे आपल्या मातीत कुणी मोजून पाहिलं होतं हे त्यांना कुणी सांगत नाही. हवेच्या दाबाचा धडा सातवी-आठवीला असतोच. तिथे नौलीचा प्रयोग शिकवता येईल: पोट आत, स्नायू पुढे, पोकळी मोठी, दाब कमी, पाणी वर. पोरं आधी हसतील, मग वहीत आकृती काढतील, आणि एखादी तरी विचारेल, किती पाणी? तिच्यासाठी आकडा मराठीत तयार असला पाहिजे.